विजेच्या तारा सैल का सोडतात?

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अनमोड घाटाने बेळगावास गेली. मोले गाव मागे पडले, गाडी घाट चढू लागली आणि झाडीच्या वरून, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर गेलेल्या विजेच्या जाड तारा दिसू लागल्या. दोन मनोऱ्यांच्या मध्यभागी त्या इतक्या खाली उतरल्या होत्या की, आमच्यातील एकजण मोठ्याने म्हणाला, "एवढा पैसा खर्चून मनोरे उभारले, पण तारा मात्र कोणी नीट ओढल्याच नाहीत!" सगळी गाडी हसली. आम्हीही हसलो, कारण आम्हालाही तो कामगारांचा आळसच वाटला होता. विज्ञानाचे सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "त्या तारा तुम्ही म्हणता तशा ओढल्या असत्या, तर आज आपल्या घरी दिवा लागला नसता. का, ते शोधून काढा आणि वार्षिक अंकासाठी लिहून द्या."

सरांच्या त्या आज्ञेतून हा लेख जन्मास आला. विज्ञान मंडळातील आम्ही काही विद्यार्थ्यांनी यासाठी थोडे वाचन केले, काही प्रयोग करून पाहिले आणि वीज खात्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांना पुष्कळ प्रश्न विचारले. जे कळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक साधा प्रयोग सांगतो. तो कोणासही घरी करता येईल. झोपाळ्याची एक लांब साखळी घ्यावी, तिची दोन टोके दोघांनी धरावीत आणि ती अगदी सरळ होईपर्यंत ओढावी. आमच्या वर्गातील दोन धट्टेकट्टे गडी पाय रोवून ओढत होते, तरी साखळीचा मध्य किंचित खाली राहिलाच. मग तिसऱ्याने मध्यावर नुसते एक बोट टेकून दाबले, आणि ते दोन्ही वीर पुढे खेचले गेले! याचे कारण असे की, साखळीचे वजन खाली ओढते, आणि ते तोलून धरण्यास दोन्ही टोकांकडून थोडा तरी वर खेचणारा जोर लागतो. साखळी पूर्णपणे आडवी झाली, तर तिचा ताण केवळ आडवा राहील आणि वजन तोलण्यास काहीच उरणार नाही. म्हणून वजन असलेली कोणतीही तार, कितीही ओढली तरी, पूर्ण सरळ होऊ शकत नाही. तारेचा मध्य टोकांच्या रेषेपासून जितका खाली असतो, त्या अंतरास तारेचा 'झोळ' म्हणतात, आणि दोन मनोऱ्यांमधील अंतरास 'गाळा' म्हणतात.

टांगलेली साखळी कोणता आकार धारण करते, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही पडला होता. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा आकार अन्वस्त वक्राच्या जवळचा असल्याचे सांगितले. पुढे १६९० मध्ये याकोब बर्नूली याने हा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे जाहीरपणे मांडला, आणि १६९१ साली लायब्निट्स, हायगेन्स व याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नूली या तिघांनी त्याचे खरे उत्तर दिले. साखळीचा वक्र हा अन्वस्ताहून निराळा असतो. परंतु झोळ लहान असेल, तर दोहोंतील फरक इतका अल्प असतो की, विजेच्या तारांच्या बहुतेक हिशेबांस अन्वस्त पुरेसा होतो. त्यावरून मिळणारे सूत्र शाळेतल्या मुलांसही समजण्याजोगे आहे:

झोळ = (दर मीटरचे वजन × गाळा × गाळा) ÷ (८ × ताण)

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मोठ्या वाहिन्यांची तार नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची नसते. मध्ये पोलादी तारांचा गाभा आणि भोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचा पीळ अशी तिची रचना असते. पोलाद बळ देते, अ‍ॅल्युमिनियम वीज वाहते. या तारांच्या जातींना प्राण्यांची नावे आहेत हे ऐकून आम्हाला मोठी मौज वाटली. डॉग, पँथर, झेब्रा, मूस अशी ही नावे वीज खात्यातील माणसे रोज वापरतात. यांपैकी 'मूस' ही ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर सर्रास आढळणारी तार. तिच्यात पोलादाच्या ७ व अ‍ॅल्युमिनियमच्या ५४ तारा असतात, आणि तिचे वजन मीटरला सुमारे २ किलोग्रॅम भरते. गाळा ४०० मीटर व ताण ३,२०० किलोग्रॅम धरला, तर सूत्राने झोळ साडेबारा मीटर येतो. म्हणजे जवळजवळ चार मजली घराएवढा!

आमच्या मित्राच्या इच्छेप्रमाणे हीच तार ओढून झोळ केवळ १ मीटरवर आणावयाचा म्हटले, तर किती ताण लागेल? गणित सांगते, ४०,००० किलोग्रॅम. आणि ही तार तुटते सुमारे १६,००० किलोग्रॅमला! शिवाय वादळात वाऱ्याचा जोर तारेवर पडतो, थंडीत ती आखडते व ताण आणखी वाढतो. म्हणूनच १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांत असा दंडक घातला होता की, तारेवर येणारा जास्तीत जास्त ताण तिच्या तुटण्याच्या ताणाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. तेव्हा झोळ हा आळस नव्हे. तो तारेला दिलेला श्वास आहे.

परंतु इथे गोष्ट संपत नाही. झोळ एकदा ठरवून दिला आणि तो कायम राहिला, असे होत नाही. तार तापली की लांब होते, आणि लांब झाली की खाली येते. त्यातही एक चमत्कार आहे. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात ४ मीटर अंतरावरील दोन खांबांना साखळी बांधली. साखळीची लांबी अंतरापेक्षा १ सेंटिमीटर अधिक ठेवली, तर झोळ सुमारे १२ सेंटिमीटर आला. ४ सेंटिमीटर अधिक ठेवली, तर साडेचोवीस सेंटिमीटर आला. अगदी थोडी लांबी वाढते आणि झोळ मात्र कितीतरी वाढतो.

वरच्या मूस तारेचेच पाहा. तिची लांबी गाळ्याहून केवळ १ मीटर ४ सेंटिमीटर अधिक असते, आणि तेवढ्यावर साडेबारा मीटरचा झोळ पडतो. आता तारेचे तापमान ३० अंशांनी वाढले असे समजा. तार सुमारे २३ सेंटिमीटरने, म्हणजे वीतभर, लांबते. ताण कमी झाल्यामुळे ती किंचित आखडते हे जमेस धरले, तरी झोळ सुमारे १.२ मीटरने वाढतो. वीतभर लांबीने तार अडीच हात खाली उतरते!

तार तापते कशाने? उन्हाने तापते, आणि आतून वाहणाऱ्या विजेनेही तापते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तिला थंड करतो तो मुख्यतः वारा. म्हणून तारेची खरी परीक्षा होते ती एप्रिल-मे महिन्यांतील भर दुपारी. ऊन कडक, वारा पडलेला, आणि घरोघरी पंखे व थंड हवेची यंत्रे चालू असल्याने वाहिनीवर मोठा भार, अशी तिन्ही संकटे तेव्हा एकदम येतात. नेमक्या त्याच वेळी तार सर्वांत खाली असते. याशिवाय अ‍ॅल्युमिनियमला आणखी एक खोड आहे. सतत ताणाखाली राहून ते वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाते, आणि ती वाढ तार थंड झाल्यावरही परत जात नाही.

तार खाली आली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. उच्च दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही. झाडाची फांदी, उसाचा किंवा गवताचा उंच भरलेला ट्रक, आंबे काढण्याची लांब काठी यांपैकी काहीही तारेच्या पुरेसे जवळ आले की, ती हवेतून उडी घेते. यासाठी तार जमिनीपासून कमीत कमी किती उंच असावी, हे कायद्याने ठरवून दिले आहे. ३३ किलोव्होल्टला, रस्ता नसलेल्या जागी, ५.२ मीटर; आणि त्यापुढे दर ३३ किलोव्होल्टला किंवा त्याच्या अंशाला ०.३ मीटरची भर. हा १९५६ च्या नियमांतील हिशेब २०१० सालच्या विनियमांतही कायम राहिला. त्याप्रमाणे १३२ किलोव्होल्टला ६.१ मीटर, २२० ला ७ मीटर आणि ४०० ला ८.८ मीटर उंची येते. ही उंची थंडीच्या पहाटे असून भागत नाही. तार जास्तीत जास्त तापली असतानाही ती राहिली पाहिजे.

ही काळजी घेतली नाही, तर काय होते, याची दोन उदाहरणे एकाच वर्षातील आहेत. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेतील ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टची एक वाहिनी झाडाला लागून बंद पडली. आश्चर्य असे की, त्या वेळी तिच्यावर तिच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता. चूक तारेची नव्हती; तिच्याखालची झाडे वेळेवर छाटली गेली नव्हती. तिचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला, त्या अधिक तापून लोंबल्या, आणि तासाभराच्या आत आणखी दोन वाहिन्या अशाच झाडांना लागल्या. त्यातच नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणक-यंत्रणा बंद पडली होती, आणि हे तेथील माणसांना वेळेवर उमगले नाही. चार वाजून गेल्यावर अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

दुसरे उदाहरण युरोपातील. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे ३ वाजून १ मिनिटाने, स्वित्झर्लंडमधून इटलीकडे वीज नेणारी एक वाहिनी झाडाला लागून बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिनीवर आला. ती तापली, लोंबली, आणि २४ मिनिटांनी तीही झाडाला लागली. त्यानंतर काही मिनिटांतच सार्डिनिया बेट वगळता संपूर्ण इटली अंधारात बुडाली. मधली ती २४ मिनिटे आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. दुसरी तार क्षणोक्षणी किती खाली येत आहे, हे जर कोणी पाहत असते, तर?

हे पाहावयाचे कसे, हाच आता आपला प्रश्न. जुनी रीत आजोबांनी आम्हाला समजावून दिली. "तार चढवताना आम्ही सोबत तापमापक ठेवीत असू," ते म्हणाले. "तापमान पाहायचे, कोष्टकात त्या तापमानाचा झोळ बघायचा, आणि दोन्ही खांबांवर तेवढेच अंतर खाली मोजून एकेक आडवी पट्टी बांधायची. एकाने खांबावर चढून एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीकडे नजर लावायची. तारेचा तळ त्या नजरेच्या रेषेला टेकला, की ओढणे थांबवायचे."

"आणि पट्टी नसेल तर?" आम्ही विचारले.

"तर घड्याळ!" आजोबा हसून म्हणाले. "पण बाळांनो, एक लक्षात ठेवा. हे सारे तारेत वीज नसताना, तिला जमिनीशी जोडल्यावरच करायचे."

घड्याळाची ही युक्ती आम्हाला सर्वांत आवडली. तारेच्या एका टोकाजवळ दोरीने हिसका दिला की, एक लाट तारेवरून पलीकडच्या टोकाला जाते आणि परत येते. ती परत आल्याचे दोरी धरलेल्या हाताला कळते. लाटेला एका फेरीस किती सेकंद लागले, ते मोजावे, त्या संख्येचा वर्ग करावा आणि त्यास ०.३०७ ने गुणावे; झोळ मीटरमध्ये मिळतो. यात ना तारेचे वजन लागते, ना ताण, ना गाळा! कारण तार जितकी सैल, तितकी लाट मंद. आणि झोळ व लाट या दोहोंमध्ये वजन व ताण एकाच प्रमाणात येत असल्याने ते हिशेबातून गळून जातात. साडेबारा मीटर झोळाच्या तारेवर लाटेच्या एका फेरीस सुमारे ६.४ सेकंद लागतात. आम्ही व्हरांड्यातील साखळीवर हा प्रयोग केला. तीन फेऱ्यांना २.७ सेकंद लागले, म्हणजे एका फेरीस ०.९ सेकंद. गणिताने झोळ आला पावणेपंचवीस सेंटिमीटर, आणि पट्टीने मोजला होता साडेचोवीस. त्या दिवशी गणिताविषयी आमच्या मनात जो आदर उत्पन्न झाला, तो परीक्षेच्या वेळी कधी झाला नव्हता!

तथापि घड्याळ व पट्टी यांनी झोळ एकदाच मोजला जातो. वाहिनी चालू असताना रात्रंदिवस लक्ष ठेवण्यासाठी आता निराळी साधने निघाली आहेत. एक साधन मनोऱ्याजवळ तारेच्या टोकाशी बसवतात. ते ताण मोजते, आणि ताण कळला की वरच्या सूत्राने झोळ कळतो. दुसरे तारेवरच चिमट्यासारखे बसते आणि तारेतील प्रवाहामुळे भोवती निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच आपल्यापुरती वीज मिळवते. ते तारेचे तापमान मोजते, किंवा मनोऱ्याजवळ तार किती तिरपी उतरते तो कोन मोजते. आपल्या उदाहरणात झोळ १.२ मीटरने वाढला, तर हा कोन केवळ दोन तृतीयांश अंशाने बदलतो; तरीही आजची साधने तो टिपू शकतात. काही साधने तारेचे वाऱ्याने होणारे झुलणे मोजतात. झोका जितका मंद, तितका झोळ मोठा. म्हणजे आजोबांच्या घड्याळाचेच हे नवे रूप! याखेरीज हेलिकॉप्टरमधून वा ड्रोनमधून लेसरचे किरण सोडून तार, जमीन आणि झाडांचे शेंडे यांतील अंतरे मोजतात. ही माहिती बिनतारी मार्गाने नियंत्रण कक्षात जाते.

याचा उपयोग केवळ अपघात टाळण्यापुरता नाही. तारेतून किती वीज न्यावी, हे ठरवताना बहुधा वाईटात वाईट हवा गृहीत धरतात: कडक ऊन आणि सेकंदाला अर्ध्या-पाऊण मीटरहून अधिक नसलेला वारा. पण प्रत्यक्षात बरेच दिवस वारा त्याहून अधिक असतो. त्या दिवशी तीच तार, तेवढाच झोळ राखून, अधिक वीज वाहू शकते. तारेची खरी स्थिती माहीत असेल, तरच हे धाडस करता येते. उलट एखाद्या निवांत, तप्त दुपारी माहिती सांगते की, आज भार कमी करा.

आम्हा गोमंतकीयांना हा विषय परका नाही. आपल्या राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली बहुतेक वीज सह्याद्री ओलांडून महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांतून येणाऱ्या वाहिन्यांनीच पोहोचते. घाटातील एका तारेला एक फांदी लागली, तर आपली शाळा, दवाखाने व कारखाने यांना त्याची झळ लागते. दुसरीकडे, नवी वाहिनी म्हणजे जंगलात नवा पट्टा तोडणे. मोलेच्या अरण्यातून ४०० किलोव्होल्टची वाहिनी नेण्याच्या योजनेवरून २०२० पासून गोव्यात केवढा वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा गेला, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या वादाचा निवाडा करण्याचे आमचे वय नाही. नुसत्या मोजमापाने नव्या वाहिनीची गरज नाहीशी होते, असेही आम्ही म्हणत नाही. पण आहे त्या तारांचे बळ नीट मोजून पुरेपूर वापरणे, ही नवी तार ओढण्यापूर्वीची पहिली पायरी असावी, असे आम्हाला वाटते.

शेवटी घरच्यांसाठी चार शब्द. उन्हाळ्यात अंगणावरून वा शेतावरून जाणारी तार नेहमीपेक्षा खाली दिसली, तर तिच्याखाली उंच भरलेली गाडी, शिडी वा काठी नेऊ नये. तुटून पडलेली तार मृत समजू नये. तिच्यापासून दूर राहावे, इतरांस दूर ठेवावे आणि वीज खात्याला १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ कळवावे. आणि पावसाळ्यापूर्वी खात्याची माणसे फांद्या छाटण्यास आली, तर त्यांना हाकलून देऊ नये. आमच्यातील एकीच्या आजी दर वर्षी आपल्या फणसासाठी त्यांच्याशी भांडत असत. या लेखाचा कच्चा मसुदा तिने आजींना वाचून दाखवला. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तारेच्या बाजूची एक फांदी नेऊ देत त्यांना. पण फणस मात्र आधी उतरवून घेईन हो!"

पुढच्या सहलीत आम्ही पुन्हा त्याच घाटाने जाणार आहोत. त्या तारा या वेळीही सैलच दिसतील. पण त्यांना आळशी म्हणण्याचे धाडस आता आमच्यातील कोणी करणार नाही.